नसलेला तिसरा

सोमवार, ९ जानेवारी

लिहा: आजपासून दैनंदिनी सुरू. झाली? इतक्यात?

मला लिहिता येत नाही, वाचता येत नाही, सहीच्या जागी अंगठा. तरी नात म्हणते, "आजी, हे दिवस लिहून ठेव, पुन्हा यायचे नाहीत." आंधळ्याला म्हणावं, जरा चष्मा पूस. म्हणून खालच्या मजल्यावरच्या कोर्टवाल्यांना धरलं. हे कोर्टात लघुलेखक होते. समोरचा बोलेल ते जसंच्या तसं टिपायचं, जन्मभर तेवढंच केलं. घरी बसल्यापासून त्यांचा हात शिवशिवतो आणि माझी जीभ. जोडी बरी जमली. हे शेवटचं खोडा.

खोडत नाहीत. म्हणतात, "आजीबाई, बोललेलं खोडत नसतात." आजीबाई म्हणे! माझ्याहून थोरले आहेत. हेही लिहा.

तर नात. मी तिला घुबड म्हणते, कारण रात्रभर जागते आणि दिवसा उशीत तोंड खुपसून पडते. वेधशाळेत कामाला आहे. आकाशात दोन चांदण्यांची जोडी आहे, ती बघणं हे तिचं काम. एक तांबडी, एक पांढरी. पुस्तकात त्यांना बटू म्हणतात, म्हणजे बुटके. पांढरी जळून संपलेली आहे, नुसती धग उरलीय. तांबडी मंद आचेवर आहे, तिचं सरपण कधी संपायचं नाही. दोघी एकमेकींभोवती इतक्या भरभर फिरतात की आपली सकाळची कामं उरकेपर्यंत त्यांची फेरी पुरी. तांबडी पांढरीच्या पुढून गेली की उजेड एकदम कमी होतो, दिव्यापुढे कोणी ताट धरावं तसा.

ही आड येण्याची वेळ चुकायला नको. पण नातीला दिसलं की ती चुकते. काही वर्षं लवकर, काही वर्षं उशिरा. म्हणजे त्या दोघींना कोणीतरी ओढतंय. कोणीतरी तिसरा, न दिसणारा. तो हिनं शोधला. मार्चमध्ये मोठी सभा आहे, तिथे सांगायचं. सभेत समुद्रापलीकडच्या संस्थेचे लोक असतील आणि त्यांच्याकडे हिच्यासाठी एक जागा आहे, तीन वर्षांची.

आनंदाची गोष्ट आहे. लिहा, आनंदाची आहे.

गुरुवार, १२ जानेवारी

मॅडम चहाला आल्या होत्या. ह्या नातीच्या वरच्या. डोकं पांढरंशुभ्र, पण पाठ अजून ताठ. माझ्यासाठी लोकरीचे मोजे आणले. अशा बाईबद्दल वाईट कसं बोलणार?

ती जोडी आधी मॅडमचीच. तरुण असल्यापासून बघत आल्यात. म्हणाल्या, "आजी, लग्न केलं नाही मी, ह्या दोघींनाच सांभाळलं." मी म्हटलं, "बरं केलंत, दोघी निदान वेळेवर घरी येतात." खूप हसल्या.

नात संगणकावर काहीतरी आकडे दाखवत होती. ती म्हणाली, "मॅडम, तुमच्या जुन्या नोंदी एकदा मुळापासून बघू का? वह्या कपाटात आहेत ना?" तर त्या म्हणाल्या, "कशाला वेळ घालवतेस? माझा तक्ता डोळे मिटून वापर. वेळा सगळ्या मी नीट करून ठेवल्यात." किती विश्वासानं बोलतात. नाहीतर आमची सून. मिठाचा डबा दिला तरी चाखून बघते.

सुनेचं आणि माझं वाईट नाही. दुरून फार छान जमतं. म्हणून तर मी इथे नातीकडे असते.

रविवार, १५ जानेवारी

मुलाचा फोन. म्हणाला, "आई, ती गेली की तू आमच्याकडेच यायचंस, विषय संपला." मागून सून भांडी वाजवत होती. तिचंही मत ऐकू आलं.

मी म्हटलं, "बघू." आणि दाराशी कोणीतरी आलंय असं सांगून फोन ठेवला.

शनिवार, २१ जानेवारी

आज नातीनं नवीन सांगितलं आणि ते माझ्या डोक्यातून जात नाही. ती पांढरी आहे ना, जळून संपलेली, ती तांबडीचं अंग ओढून घेते. कातडं सोलावं तसं. तांबडीवरून धार निघते आणि पांढरीवर जाऊन पडते, आणि त्या धारेमुळेच पांढरी इतकी चमकते.

मी विचारलं, "आणि तांबडी काही म्हणत नाही?"

"ती काय म्हणणार? जवळ आहे ना फार."

कोर्टवाले, माझं डोकं कोणत्या रंगाचं आहे? बघा आणि लिहा. ह्या पोरीनं माझ्यासाठी दोन खोल्यांचं घर घेतलं, जिना नको म्हणून वेधशाळेपासून लांब. आठवड्यातून एकदा माझे गुडघे दाखवायला नेते, तो तिच्या झोपेचा दिवस. मैत्रिणी फिरायला जातात, ही मला आंघोळीला गरम पाणी काढून देते. मी चमकते आहे, सगळे म्हणतात, आजी या वयात काय टवटवीत!

मी पांढरी आहे. तिनं जायलाच हवं.

कोर्टवाले म्हणतात, "स्वतःवर आरोप ठेवणारे साक्षीदार बहुधा चुकीच्या खटल्यात आलेले असतात." तुम्हाला कोणी विचारलं?

मंगळवार, ७ फेब्रुवारी

बरेच दिवस काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतं, कोर्टवाल्यांना खोकला होता.

आज आहे. नात जेवली नाही. कालही नव्हती जेवली. परवा अर्धं टाकलं. नखं कुरतडून बोटं लाल केलीत. झोपायच्या वेळेला झोपत नाही, भिंतीकडे बघत पडते. मी विचारलं, "कोण आहे तो?"

"कोण?"

"ज्याच्यासाठी नखं खातेस."

"आजी, कोणी नाही गं."

तिनं ते अशा आवाजात म्हटलं की माझी खात्रीच पटली, नक्की कोणीतरी आहे.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

दुपारी दुधाचं पातेलं तिच्या हातून पडलं. तिनं पुसलं नाही. त्या दुधातच खाली बसली आणि म्हणाली, "आजी, तिसरा नाहीये."

मी म्हटलं, "असू दे गं, दुसरा मिळेल."

"अगं, आकाशातला!"

मग सगळं सांगितलं. मला समजलं तसं सांगते, तुम्ही तसंच लिहा. पृथ्वी फिरताना किंचित मंदावत चाललीय. तिचेही गुडघे गेले म्हणायचे. म्हणून जगाची घड्याळं सांभाळणारे लोक अधूनमधून घड्याळात एक सेकंद जास्तीचा घुसवतात, तिच्यासाठी थांबल्यासारखं. पण चांदण्या मोजणाऱ्यांचं घड्याळ वेगळं. त्यात असे लाड नाहीत, ते सरळ चालतं. जुन्या नोंदी पहिल्या घड्याळाच्या आहेत, नातीच्या नोंदी दुसऱ्याच्या. दोन्ही तिनं एका रांगेत मांडल्या. इतक्या वर्षांचे घुसवलेले सेकंद साचले होते, तेवढा फरक दिसला. तिला वाटलं, कोणीतरी ओढतंय.

"तक्त्यावर लिहिलंय की सगळ्या वेळा सरळ घड्याळाच्या केल्यात," ती म्हणाली. "परवा कपाटातून मूळ वह्या काढल्या, तेव्हा कळलं, केलेल्याच नाहीत."

"मग चूक कोणाची?"

तिनं दुधात बोटानं एक रेघ ओढली. म्हणाली, "माझी. मी तपासायला हवं होतं."

हवंच होतं. मी नेहमी सांगते, पाय टाकायच्या आधी पायरी बघ. पण ओरडले नाही. पुसायचं फडकं आणलं, वाकवेना म्हणून तिच्याच हातात दिलं.

आता पुढचं हळू आवाजात सांगते. तिसरा नाही म्हणजे सभेत सांगण्यासारखं काही नाही. म्हणजे जागा नाही. म्हणजे ती इथेच राहणार. हे समजलं आणि मला बरं वाटलं. पोर दुधात बसून रडते आहे आणि आजीला बरं वाटतंय. लिहिलंत? खोडू नका. असू दे.

शुक्रवार, १० फेब्रुवारी

मी नातीला म्हटलं, "मॅडमना सांग. त्या मार्ग काढतील." ती नको म्हणत होती. मी धोशा लावला. शेवटी तिनं फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून टेबलावर ठेवला. का ठेवला कोण जाणे, एरवी तिच्या कामात माझा कान नको असतो.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आणखी कोणाला माहीत आहे?"

"कोणालाच नाही."

"मग ऐक. सभेत ठरलंय तसंच बोल. जागा पदरात पडू दे. नंतर वर्षभरानं एक छोटी दुरुस्ती छापू. अशा दुरुस्त्या होत असतात, कोणी लक्षही देत नाही. हे दोघींच्या हिताचं आहे."

दोघींच्या! म्हणजे नातीच्या आणि माझ्या. एवढ्या घाईगर्दीत त्यांना म्हातारीचंही हित सुचलं. मी डोळे पुसले.

नात म्हणाली, "मॅडम, वह्यांमध्ये तारखा आहेत. कोणीही बघितलं तर कळेल, कोणी केव्हा काय..."

"वह्या माझ्याकडे आणून दे," मॅडम म्हणाल्या. "जपून ठेवते."

सगळी जबाबदारी अंगावर घ्यायला तयार आहेत. पण नात काही खुलली नाही. फोन बंद करून म्हणाली, "ऐकलंस?" मी म्हटलं, "ऐकलं. देवमाणूस आहे." त्यावर तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच दूध सांडलं होतं.

सोमवार, २० फेब्रुवारी

जेवण: अर्धी वाटी सूप. झोप: नाही. वह्या: अजून तिच्या पिशवीतच. पिशवी कायम खांद्याला, न्हाणीघरात जातानासुद्धा.

मी रोज दाराशी कान लावून बसते. कशासाठी, ते मलाच माहीत नाही.

शनिवार, ४ मार्च

परवा सभा. आज नात इस्त्री करत होती. शर्टावर इस्त्री तशीच ठेवून उभी. जळका वास आला तेव्हा मी ओरडले. बाहीवर तपकिरी त्रिकोण उमटला. तिनं शर्ट उचलून बघितला आणि विचारलं, "आजी, तू काय केलं असतंस?"

मला माहीत होतं ती शर्टाबद्दल विचारत नाही.

खरं सांगू? मी कात्रीत सापडले. खरं बोल म्हणावं तर जागा जाते आणि ही माझ्यापाशी राहते. म्हणजे मीच माझ्या पोळीवर तूप ओढल्यासारखं. गप्प राहा म्हणावं तर मी तिला शिकवलं काय? म्हटलं, "मला विचारू नकोस. मला तू इथे हवी आहेस, त्यामुळे माझं मत लाच खाल्लेलं आहे."

ती हसली. महिन्याभरात पहिल्यांदा. मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "तू गेली नाहीस ना कधी कुठे सोडून, म्हणून मला सोडून जाता येत नाही कोणाला."

"मला सोडून जा की. मी काही कुलूप लावलंय?"

"तुझं नाही म्हणत आहे मी," ती म्हणाली.

मग कोणाचं? विचारलं तर झोपल्याचं सोंग घेतलं. घुबड कुठलं.

सोमवार, ६ मार्च, संध्याकाळ

कोर्टवाले, हात दुखला तरी चालेल, आज सगळं लिहायचं.

सभा दूरच्या शहरात होती, नात काल गेली. कोर्टवाल्यांच्या फोनवर ती दुपारी दिसणार होती. आम्ही फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. मोठं दालन, ओळीनं खुर्च्या, पहिल्या ओळीत मॅडम, ताठ. नात आली तेव्हा बाहीवरचा डाग दिसू नये म्हणून तिनं कोट घातला होता. कोर्टवाल्यांना म्हटलं, बंद करा. त्यांनी केला नाही.

तिनं तांबडीचं सांगितलं, पांढरीचं सांगितलं. पडद्यावर ठिपके होते, ते एका वाकड्या रेषेत जात होते. मग ती म्हणाली, "ह्या वाकण्यावरून मी म्हटलं होतं की इथे तिसरं कोणीतरी आहे. आता हेच ठिपके एका घड्याळात आणते." ठिपके हलले आणि सरळ रेषेत जाऊन बसले. शाळा सुटायच्या आधी पोरं बसतात तसे. "तिसरं कोणी नाही," ती म्हणाली. "दोन वेगळ्या घड्याळांच्या वेळा मी न तपासता एकत्र केल्या. चूक माझी आहे."

समुद्रापलीकडचे लोक कागद आवरायला लागले.

तेवढ्यात टाळ्या. सगळ्यांत आधी कोणी वाजवल्या असतील? मॅडमनी! उभ्या राहून. म्हणाल्या, "अशी चूक कबूल करायला धैर्य लागतं. मला माझ्या विद्यार्थिनीचा अभिमान आहे." मग सगळे उभे राहिले. मोठ्या मनाची बाई. मी कोर्टवाल्यांना म्हटलं, "बघितलंत?"

कोर्टवाले म्हणाले, "बघितलं. तो तक्ता कोणी तयार केला होता?"

उलटतपासणी नको आहे मला. पोर एकटी उभी होती, तिची बाजू घेणारं एक माणूस निघालं, त्यातही ह्यांना खोट काढायची. त्यांनी साखरेचा डबा जरा जोरातच फडताळात ठेवला.

गुरुवार, १६ मार्च

जागा गेली. दोन ओळींची चिठ्ठी आली, "पुढील वाटचालीस शुभेच्छा." शुभेच्छा असल्या की समजायचं, दार लागलं.

पण मॅडमनी लगेच दुसरं दार उघडलं. त्यांच्याच हाताखाली जागा, पगार बरा, घर जवळ. फोन मीच घेतला, नात दुकानात गेली होती. मी म्हटलं, "तुमचे उपकार कसे फेडू?" त्या म्हणाल्या, "तसं म्हणू नका, आजी." पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिल्या.

नात आली. सांगितलं. तिनं भाजीची पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "नको."

"अगं, तुला वेड लागलंय का? आणि मग करणार काय?"

कुठल्या तरी कॉलेजात शिकवायची नोकरी बघितलीय. तिथे गच्चीवर लहानशी दुर्बीण आहे. तीच जोडी पुन्हा पहिल्यापासून मोजणार, एका घड्याळानं, स्वतःच्या हातानं. "तिथे जिना आहे," म्हणाली, "पण लिफ्टही आहे. तू येणार ना?"

मला न्यायचं ठरवून टाकलं तिनं. मी रागावले होते म्हणून हो म्हटलं नाही. तसं तिला कळलंच.

रविवार, १९ मार्च

नाही म्हणायचं तर नीट म्हणावं, माणसाला लटकत ठेवू नये. नात फोन करेना, म्हणून आज जेवणाआधी मीच मॅडमना लावला. म्हणजे कोर्टवाल्यांनी लावून दिला.

मी म्हटलं, "नातीचा निरोप आहे, नको म्हणते. लहान आहे, मनावर घेऊ नका."

त्यांनी विचारलं, "का नको म्हणते?"

"कारण सांगितलं नाही तिनं."

"आजी..." म्हणून त्या अडखळल्या. "तिनं तुम्हाला खरंच काही सांगितलं नाही? त्या तक्त्याचं?"

"सांगितलं की. चूक माझी म्हणाली. तपासलं नाही म्हणाली."

"तुम्हालाही असंच सांगितलं?"

"मग आणखी कसं सांगणार?"

आवाजच येईना. मला वाटलं फोन बिघडला. हॅलो हॅलो केलं. तर त्या रडत होत्या. जागा गेली आमची आणि रडतात ह्या! दुसऱ्याचं दुःख इतकं लावून घेऊ नये माणसानं. मी समजूत घातली, म्हटलं, "अहो, पोर तरुण आहे. पुढच्या वेळी तपासेल." तर हुंदका आणखीच मोठा.

नात जेवायला बसत होती. तिनं विचारलं, कोण आहे. मी फोन तिच्याकडे दिला. तिनं कानाला लावला, ऐकत राहिली, तिच्या चेहऱ्यावरून मला काही कळेना. शेवटी म्हणाली, "मला माहीत आहे, मॅडम. मला नका सांगू. त्या दालनातल्यांना सांगा." आवाज चढवला नाही. आजारी माणसाशी बोलावं तसं बोलली. मग फोन ठेवला आणि ताटावर बसली.

काय सांगायचं आहे मॅडमना, ते मला समजलं नाही. कोर्टवाल्यांना समजलंय, त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्यात. पण विचारलं तर म्हणतात, लेखनिकानं साक्षीदाराला काही सुचवायचं नसतं.

बरं. मग मला दिसतंय तेवढंच लिहा. पोर जेवते आहे. आत्ता उठून तिनं दुसऱ्यांदा वाढून घेतलं.